मुका पोर्ट, बरळणारा पोर्ट

रास्पबेरी पायला जीपीएसचं मॉड्यूल जोडलं, चार वायरी खोचल्या, प्रोग्रॅम चालवला आणि पडदा कोराच राहिला. किंवा कोरा राहिला नाही, पण त्यावर प्रश्नचिन्हं, चौकोन आणि कुठल्याच भाषेत नसलेली अक्षरं सांडली. यापुढचा क्रम बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. कुठूनतरी सेटिंगच्या चार ओळी उचलायच्या, फाइलमध्ये टाकायच्या, बोर्ड रीबूट करायचा, नाही जमलं तर आणखी दोन ओळी, आणि शेवटी मॉड्यूलच खराब निघालं म्हणून दुसरं मागवायचं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. सिरियल ही संगणकाच्या जोडण्यांतली अतिशय जुनी आणि साधी जोडणी, तरीही तिच्यापायी दोन-दोन दिवस जातात, कारण दोष कुठे आहे ते ठरण्याआधीच दुरुस्ती सुरू झालेली असते. माझं म्हणणं असं की मुका पोर्ट आणि बरळणारा पोर्ट हे दोन निराळे आजार आहेत, त्यांची मुळं निराळ्या जागी असतात, आणि कुठलीही सेटिंग बदलण्याआधी आपल्यापुढे यातला कोणता आहे ते पाहिलं तर निम्मा शोध तिथेच संपतो.

असं का, ते एका बाइटच्या प्रवासात नीट दिसतं. सिरियलच्या वायरीत घड्याळाचा ठोका जात नाही. काही बोलणं नसतं तेव्हा पाठवणाऱ्याची टीएक्स वायर वर, म्हणजे पायच्या बाबतीत ३.३ व्होल्टवर, स्थिर असते. बोलायची वेळ आली की ती एकदम खाली येते, तो स्टार्ट बिट. त्यापाठोपाठ आठ बिट, शेवटी पुन्हा वर येऊन स्टॉप बिट. एका अक्षराला एकूण दहा बिट. ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाला, एक बिट साधारण १०४ मायक्रोसेकंद टिकतो, १,१५,२०० ला नऊ मायक्रोसेकंदांहूनही कमी. ऐकणारा वायर पडलेली पाहतो आणि स्वतःच्या घड्याळावर मोजून प्रत्येक बिटच्या मधोमध डोकावतो. स्टॉप बिटमध्ये तो साडेनवाव्या बिटाला डोकावतो. तोवर अर्ध्या बिटाची चूक साठली की वाचन शेजारच्या बिटात घसरतं. म्हणजे दोन घड्याळांत पाच टक्क्यांपर्यंतचा फरक कागदोपत्री चालतो, व्यवहारात दोन-तीन टक्क्यांच्या आतच राहिलेलं बरं. पोर्ट बरळतो तेव्हा वायर ठीक असते, वीज पोचत असते, समोरचा बोलतही असतो, बिघडलेली असते ती मोजणी. उलट पोर्ट मुका असतो तेव्हा बहुधा वायर पडलेली कोणी पाहिलेलीच नसते. म्हणून पडद्यावरचा कचरा ही वाईट बातमी नाही. नव्वद टक्के रस्ता कापला गेल्याची ती पावती आहे.

कचऱ्यातही फरक असतो आणि तो डोळ्यांनी कळतो. एनइओ-६एम हे जीपीएस मॉड्यूल कारखान्यातून निघतं तेव्हा ९६०० बॉडवर, सेकंदाला एकदा, डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी सोडत असतं. बॉड चुकलेला असेल तर दर सेकंदाला येणारा कचरा बराचसा सारखाच दिसतो, कारण चूक दर वेळी तीच होत असते. तो प्रत्येक सेकंदाला नवं रूप घेत असेल, हात जवळ नेला किंवा वायर हलवली की वाढत असेल, तर बॉडला दोष देऊ नका. ग्राउंड सुटलेला असतो किंवा खोचलेली वायर सैल असते. जीपीएसला वेगळ्या चार्जरवरून वीज दिली आणि दोघांचे ग्राउंड जोडायचे राहिले, ही चूक अनुभवी हातांकडूनही होते. ३.३ व्होल्ट हे कशापासून मोजायचे याबद्दल दोघांचं एकमत नसेल तर टीएक्सची वायर कितीही चांगली असो, तिला अर्थ नाही.

मुकेपणाचा माग काढायला एकच साधन पुरतं, पिनांना बसणारी एक जंपर वायर. पायच्या ४० पिनांच्या रांगेत आठवी पिन टीएक्स आणि दहावी आरएक्स, म्हणजे ऐकण्याची. मॉड्यूल काढून ठेवा, बोर्ड बंद करा आणि या दोन पिना एकमेकींना जोडा. बंद करूनच जोडा, कारण त्याच बाजूच्या ओळीत पहिल्या दोन पिना, क्रमांक २ आणि ४, पाच व्होल्टच्या आहेत आणि घसरलेली वायर तिथे टेकली की विषय संपतो. आता बोर्ड सुरू करून पिकोकॉमसारखा साधा टर्मिनल प्रोग्रॅम उघडा आणि एखादं अक्षर दाबा. ते टीएक्समधून बाहेर पडून आरएक्समधून परत आलं की पडद्यावर दिसतं. लोक इथेच थांबतात आणि फसतात. वायर उपटा आणि पुन्हा अक्षर दाबा. ते आता दिसता कामा नये. वायर नसतानाही दिसत असेल तर ते पोर्टमधून आलेलं नाही, टर्मिनल स्वतःच तुम्ही टाइप केलेलं तुम्हाला दाखवतो आहे. मिनिकॉम वापरणाऱ्यांना उलटा फटका बसतो. त्यात हार्डवेअर फ्लो कंट्रोल मुळातच चालू असतो, तीन वायरींच्या जोडणीत त्याचा होकार कधीच येत नाही, आणि प्रोग्रॅम एक अक्षरही न पाठवता शांत बसतो. कंट्रोल-ए, मग ओ दाबून सिरियल पोर्टच्या सेटिंगमध्ये तो बंद करावा लागतो.

या चाचणीवर एक आक्षेप रास्त आहे. पाठवणारा आणि ऐकणारा एकाच घड्याळावर चालतात, त्यामुळे बॉड चुकलेला असला तरी ही चाचणी पास होणारच, मग तिने सिद्ध काय झालं? सिद्ध झालं ते इतकंच की लिनक्सपासून पिनेपर्यंत आणि पिनेपासून परत लिनक्सपर्यंत वाट मोकळी आहे. बॉड, पॅरिटी (चूक पकडण्यासाठी जोडलेला जादा बिट), समोरचं उपकरण, व्होल्टेजची पातळी यांतलं काहीच तिने तपासलेलं नाही. पण हे थोडं कळणंही मोलाचं आहे, कारण चाचणी पास झाली की बोर्डाच्या सेटिंगच्या फायलींना हात लावायचं कारण सहसा उरत नाही. नापास झाली की मॉड्यूलकडे पाहायचं कारण उरत नाही.

नापास झाली तर पहिला संशयित लिनक्स स्वतःच. पायवर पडदा-कीबोर्ड न लावता लॉगिन करता यावं म्हणून या पोर्टवर सिस्टिमचा कन्सोल चालवण्याची सोय असते. ती चालू राहिली की एका पोर्टवर दोन वाचक बसतात, तुमचा प्रोग्रॅम आणि लॉगिन विचारणारा. आलेलं प्रत्येक अक्षर दोघांपैकी एकालाच मिळतं. म्हणून पडद्यावर मजकूर येतो तो मधली-मधली अक्षरं गळालेला, आणि वापरणारा वायरी बदलत बसतो. शिवाय बोर्ड सुरू होताना कर्नलचे सगळे संदेश १,१५,२०० च्या वेगाने मॉड्यूलच्या अंगावर जातात ते वेगळंच. रास्पी-कॉन्फिगमध्ये इंटरफेसच्या यादीत सिरियल पोर्ट निवडला की दोन प्रश्न येतात. सिरियलवरून लॉगिन हवं का, याला नाही म्हणायचं. हार्डवेअर चालू ठेवायचं का, याला हो. घाईत दोन्हींना नाही म्हणणारे पुष्कळ. हातानेच फाइल बदलायची असेल तर लक्षात ठेवा की कमांडलाइनची ती फाइल एकाच ओळीची असते, मध्ये एंटर पडला की बोर्ड सुरू व्हायलाच कुरकुर करतो. आणि पायच्या सिस्टिमच्या २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून सेटिंगच्या फायली बूटच्या आतल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये गेल्या आहेत, त्यामुळे जुन्या लेखातल्या पत्त्यावर केलेला बदल वाया जाऊ शकतो. परवानगी नाकारल्याचा संदेश येत असेल तर वापरणाऱ्याला डायलआउट गटात टाकून पुन्हा लॉगिन करा. दर वेळी सूडो लावून वेळ मारून नेऊ नका, पुढे सेवा म्हणून प्रोग्रॅम चालवताना तेच आडवं येतं.

दुसरा संशयित म्हणजे नाव. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांच्या मुख्य चिपमध्ये सिरियलसाठी दोन तऱ्हेची यंत्रं आहेत: एक पूर्ण क्षमतेचं, पीएल०११, ज्याला लिनक्स टीटीवायएएमए० म्हणतो, आणि एक काटकसरीचं, मिनी यूएआरटी, म्हणजे टीटीवायएस०. २०१६ मध्ये पाय ३ वर ब्लूटूथ आला आणि चांगलं यंत्र त्याला देण्यात आलं. आठव्या-दहाव्या पिनांच्या वाट्याला काटकसरीचं राहिलं. त्याआधीच्या लेखांतून टीटीवायएएमए० उचलणारे प्रोग्रॅम पाय ३ वर ब्लूटूथशी बोलू लागले आणि जीपीएस मुका वाटू लागला. यावर तोडगा म्हणून सिरियल० हे टोपणनाव आलं, ते ज्या यंत्राला पिना मिळाल्या असतील त्याच्याकडे बोट दाखवतं. मग कायम तेच वापरावं का? पाय ४ पर्यंत हो. पाय ५ वर दोन एचडीएमआयच्या मध्ये तीन पिनांचा वेगळा डीबग जोड आहे आणि तिथे सिरियल० मुळात त्याच्याकडे, टीटीवायएएमए१० कडे, पाहतं. आठव्या-दहाव्या पिनांसाठी पोर्ट चालू करून टीटीवायएएमए० असंच नाव द्यावं लागतं. थोडक्यात, उत्तर बोर्डानुसार बदलतं, आणि म्हणूनच सेटिंगच्या ओळी उचलताना त्या कुठल्या बोर्डासाठी लिहिल्या होत्या हे आधी पाहायचं.

मिनी यूएआरटीचा मुद्दा नावापुरता नाही. त्याचा बॉड चिपच्या गाभ्याच्या घड्याळावरून काढला जातो आणि ते घड्याळ कामाच्या भारानुसार वर-खाली होतं. बोर्ड रिकामा असताना नीट, काम वाढलं की बरळणं, असं लक्षण दिसलं तर इथे पाहा. सेटिंगच्या फाइलीतली एनेबल-यूएआरटीची ओळ एक केली की ते घड्याळ ठरावीक वेगाला बांधलं जातं आणि हा त्रास थांबतो. न थांबणारा त्रास पॅरिटीचा आहे. मिनी यूएआरटीला पॅरिटी बिट माहीतच नाही. आणि कारखान्यातली मीटरं ज्या बोलीत बोलतात त्या मॉडबस आरटीयूच्या नियमपुस्तकात मूळ पसंती सम पॅरिटीला आहे.

आता विजेचं डिजिटल मीटर घ्या, जे आपल्याकडच्या कारखान्यांच्या पॅनेलमध्ये आरएस-४८५ वर, म्हणजे दोन वायरींच्या सिरियलवर, बसलेलं असतं. पाय त्याला विचारतो: ०१ ०३ ०० ०० ०० ०२ सी४ ०बी. एक नंबरच्या मीटरा, शून्यापासूनची दोन रजिस्टरं वाचून दाखव. शेवटचे दोन बाइट हा हिशेबाचा ताळा. मीटर सम पॅरिटीवर ठेवलेलं आहे, प्रोग्रॅममध्येही सम पॅरिटी लिहिली आहे, पण मिनी यूएआरटी तो बिट पाठवतच नाही. मीटरला बाइट मोडका दिसतो. आणि मॉडबसचा शिरस्ता असा की मोडका प्रश्न आला तर उत्तर द्यायचं नाही. इथे मुकेपणा वायरीचा नाही, मोजणीचा आहे, आणि वर मांडलेला नियम उघडउघड मोडतो. हा आक्षेप मला मान्य आहे, पण त्याने नियम पडत नाही, त्याची हद्द कळते. जीपीएस किंवा वजनकाटा आपणहून बोलतो, त्याच्या बाबतीत शांतता म्हणजे शांतताच. मॉडबस मीटर विचारल्यावर बोलतं. त्याची शांतता म्हणजे पलीकडच्या टोकाला झालेला कचरा असू शकते, जो आपल्याला दिसत नाही. म्हणून अशा उपकरणांच्या बाबतीत एक पाऊल वाढवायचं: लॅपटॉपला यूएसबी-४८५ कन्व्हर्टर लावून त्याच दोन वायरींवर बसायचं आणि पाय काय बोलतो आहे ते ऐकायचं. वरचे आठ बाइट लॅपटॉपवर नीट उमटले तर संशय मीटरचा पत्ता, बॉड आणि पॅरिटीवर येतो. लॅपटॉप सम पॅरिटीवर ठेवून चुका दिसतात आणि पॅरिटी काढली की सगळं स्वच्छ वाचता येतं, असं झालं तर गुन्हेगार सापडला. ब्लूटूथ लागत नसेल तर डिसेबल-बीटीची ओव्हरले ओळ टाकून पीएल०११ पिनांकडे परत आणा. पाय ४ वर आणखी चार पीएल०११ आहेत, ती दुसऱ्या पिनांवर उघडली तर ब्लूटूथही शाबूत राहतो.

आरएस-४८५ चा आणखी एक सापळा वेळेचा आहे. दोनच वायरींवर आळीपाळीने बोलायचं असल्यामुळे साध्या ४८५ चिपला आता बोलायचं की ऐकायचं हे एका पिनेने सांगावं लागतं. सम पॅरिटीसह अकरा बिट धरले तर वरचे आठ बाइट ९६०० बॉडला साधारण ९ मिलिसेकंद घेतात. प्रोग्रॅमने पाठवण्याचा आदेश दिला आणि लगेच पिन ऐकण्याकडे वळवली तर शेपटीचा ताळा कापला जातो आणि मीटर गप्प. उशिरा वळवली तर मीटरच्या उत्तराचे पहिले बाइट गिळले जातात आणि उत्तर डोकं नसलेलं येतं. दिशा आपोआप बदलणारी मॉड्यूलं या कटकटीतून सोडवतात आणि पहिल्या जोडणीला तीच घ्यावीत. ए आणि बी या नावांबद्दल मात्र उत्पादकांत एकवाक्यता नाही. एकाचा ए तो दुसऱ्याचा बी निघतो. दोन वायरींची अदलाबदल केल्याने काही जळत नाही, तेव्हा वाद न घालता उलटून पाहा.

जळण्याची भीती खरी आहे ती वेगळ्याच ठिकाणी, आणि इथे धीर धरून मल्टिमीटर काढायचा. दूध संकलन केंद्रावरचा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा घ्या, त्याच्या पाठीमागे नऊ पिनांचा जोड असतो आणि त्याला लोक सरसकट सिरियल म्हणतात. पण ते आरएस-२३२ असतं. तिथे गप्प असलेली टीएक्स वायर ऋण व्होल्टेजवर, उणे पाच ते उणे बारा अशा घरात, बसलेली असते. ती थेट पायच्या दहाव्या पिनेला लावली तर पिन जाते, कधीकधी बोर्डही. म्हणून जोडण्याआधी, उपकरण चालू पण गप्प असताना, त्याची टीएक्स आणि ग्राउंड यांमध्ये डीसी व्होल्ट मोजा. अधिक ३.३ असेल तर थेट जोडा. अधिक ५ असेल तर एक आणि दोन किलोओहमच्या रेझिस्टरांनी विभागून घ्या, दोनवाल्याच्या दोन टोकांवर सुमारे ३.३ व्होल्ट मिळतात. उणे काही दिसलं तर मध्ये मॅक्स३२३२ ची पट्टी हवी, आणि तिला पायचे ३.३ व्होल्ट द्या, पाच नव्हे. यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो की पाच व्होल्टचा आर्डुइनो थेट जोडूनही चालतो. चालतो, काही काळ. पायच्या पिना पाच व्होल्टसाठी बनवलेल्याच नाहीत, आणि दोन रेझिस्टरांची किंमत बोर्डाच्या किमतीपुढे नगण्य आहे. उलट दिशेला मात्र पायचे ३.३ व्होल्ट आर्डुइनो उनोला पुरतात, कारण त्याची चिप तीन व्होल्टपासून पुढे वर असं धरते. तिथे काही लावायची गरज नाही.

मग एवढी उठाठेव करण्यापेक्षा यूएसबीचा कन्व्हर्टरच लावावा, पिनांच्या वाटेला जाऊच नये, असं कोणी म्हणेल. कारखान्यातल्या मीटरसाठी मीही तेच सुचवेन. त्यात पॅरिटीही मिळते, कन्सोलही आडवा येत नाही. पण नावाचा प्रश्न तिथेही सुटत नाही. दोन कन्व्हर्टर लावले की टीटीवाययूएसबी० आणि १ ही नावं रीबूटनंतर आपापसांत बदलू शकतात आणि जीपीएसचा प्रोग्रॅम मीटरला प्रश्न विचारू लागतो. सिरियल फोल्डरमधल्या बाय-आयडी या नावांनी जोडलं तर ते टळतं. पण स्वस्तातल्या सीएच३४० चिपांना बहुधा स्वतंत्र क्रमांक नसतो, दोन सारख्याच असतील तर बाय-पाथ वापरा आणि कुठला कुठल्या खाचेत आहे ते बदलू नका. बोर्डावर किंवा लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ असेल आणि सीएच३४० लावल्या-लावल्या यादीतून नाहीसा होत असेल तर तो खराब नाही. अंधांसाठीच्या ब्रेल पाट्यांची बीआरएलटीटीवाय ही सेवा त्याला आपली पाटी समजून ताब्यात घेते. ब्रेल पाटी वापरत नसाल तर ती सेवा काढून टाका.

सगळं जुळलं, अक्षरं स्वच्छ दिसतात आणि तरीही प्रोग्रॅम चुकतो, अशी एक शेवटची पायरी उरते. सिरियलला ओळ, वाक्य, संदेश हे काही ठाऊक नाही, त्याच्याकडून एकामागून एक बाइट येतात, बस. एकदा वाचलं की पूर्ण ओळ मिळेल असं धरून लिहिलेला प्रोग्रॅम टेबलावर चालतो आणि भार वाढला की अर्धी ओळ वाचून कोसळतो. बाइट साठवत जा, ओळ संपल्याची खूण दिसल्यावरच ती उचला आणि जीपीएसच्या ओळीच्या शेवटी ताऱ्याच्या चिन्हानंतर येणारा ताळा जुळतो का ते पाहून मगच आत घ्या. जीएसएम मॉड्यूलला एटी पाठवून ओके येत नसेल तर शेवटी कॅरेज रिटर्न जातो आहे ना ते बघा, नुसती नवी ओळ त्याला पुरत नाही. आणि ओके येऊन नेटवर्क पकडताना ते बंद पडत असेल तर सिरियलला सोडून वीजपुरवठ्याकडे वळा: सिम८००एल सारखं मॉड्यूल क्षणभर दोन अँपिअरपर्यंत ओढतं आणि पायच्या पिनेवरून तेवढं मागणं चुकीचंच. काल चालत होतं म्हणजे वायरिंग बरोबर आहे, हा निष्कर्षही असाच जपून काढावा. कालपासून सिस्टिम अपडेट झाली का, बोर्ड बदलला का, चार्जर बदलला का, केबल लांबवली का, हे आधी विचारा. यातलं काहीच नसेल तर जंपर वायर काढून आठ आणि दहा पुन्हा जोडा.

जोडणी चालू झाल्यावर त्याच दिवशी एक कागद मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवा. त्यावर बोर्डाचं मॉडेल, पोर्टचं पूर्ण नाव, मीटरचा पत्ता, बॉड, पॅरिटी, स्टॉप बिट आणि ए-बीच्या वायरींचे रंग. रंग लिहिताना दोन्ही टोकांचे लिहा, मध्ये जोड दिलेला असेल तर ते सारखे नसतात.